अदोमच्या उताऱ्याखालचे प्रश्न

छत्रीबागेत ज्यांच्या वरच्या खोलीत मी नऊ वर्षं भाड्यानं राहतोय, त्या बाईंचं आधी सांगतो, मग माझं. त्या रविवारी तोंड माझं होतं, पण ते उघडायचं बळ त्यांनी दिलं.

बाई इथल्या मराठी शाळेतून रिटायर झाल्या. त्यांचे पणजोबा संस्थानाच्या दफ्तरात कारकुनीला आले आणि घराणं इंदूरचंच होऊन गेलं. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असते. मला त्या 'भिया', म्हणजे भैया, म्हणतात आणि हातात लाल पेन असल्यासारखं माझं बोलणं ऐकतात.

मी कोकणातला, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारा यहुदी. शनिवार हा आमचा शब्बाथ. त्या दिवशी आमच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा बंद असे, म्हणून गाव आम्हाला शनिवारतेली म्हणायचं. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो; ती परीक्षा दिली आणि शाळा सुटली. आता पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपात लेथ, लोखंड कातायचं मशीन, चालवतो. शनिवारीसुद्धा. हे लिहिताना हात अडतो, पण आहे ते आहे.

इथे आमचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनेचं मंदिर, नाही. म्हणून दर रविवारी सकाळी दहाला नात्यातली वीसेक घरं फोनवर जमतात. आदल्या दिवशीच्या शब्बाथला संदेष्ट्यांचा, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांचा, जो भाग वाचायचा असतो, त्याचा अर्थ एकेकानं पाळीपाळीनं मराठीत सांगायचा. सहा वर्षं मी कॅमेरा बंद, माईक बंद ठेवून ऐकलं. मागच्या हिवाळ्यात माझ्या थोरल्या चुलतभावानं यादीत माझं नाव घातलं. तो ठाण्याला असतो, शिकलेला आहे, हा ग्रुप तोच चालवतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. आयुष्यभर लोक मला 'ऐक' म्हणत आले होते. 'सांग' असं पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं. आनंद झाला आणि भीतीही वाटली.

माझ्या वाट्याला आला तो भाग जेमतेम एका पानाचा. त्यात अदोम नावाच्या शेजारच्या राष्ट्राला देवानं शिक्षा सुनावली आहे. अदोम तसा परका नाही. जुळ्या भावांतल्या थोरल्याचे वंशज ते अदोमी, धाकट्याचे आम्ही. ते उंच खडकांच्या कपारीत राहायचे आणि आपल्याला इथून कोण खाली ओढणार, अशा गुर्मीत असायचे.

दोन दिवसांनी दादाची तीन पानं आली, टाइप केलेली. खाली निरोप: "घाबरू नकोस. एवढं वाचून दाखव, म्हणजे काही चुकायचं नाही." पानांत लिहिलं होतं की आजचा अदोम म्हणजे अमुक देश, तिथली माणसं रक्तानंच तशी, आणि त्यांचं वाटोळं होणार हे आधीच ठरलंय. देशाचं नाव मी लिहीत नाही. ते खोडून दुसऱ्या कुठल्याही देशाचं घातलं असतं तरी ती तीन पानं तशीच चालली असती, आणि मला भीती वाटली ती याचीच. पण ती वाचली नाहीत तर पाळी जाणार, हेही कळत होतं.

पानं घेऊन मी खाली गेलो. बाई ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी तिन्ही पानं वाचली आणि चष्मा काढला.

"आणि असली उतारा कुठंय?"

मी शास्त्राचं मराठी पुस्तक उघडून दिलं. त्यांनी ते एक पान मला मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. अडखळलो की म्हणायच्या, "आराम से, भिया. गाडी सुटत नाहीये." मग कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तीन प्रश्न लिहिले, शाळेत उताऱ्याखाली असतात तसे. कोण कोणाला म्हणतंय? अपराध कोणकोणते? शिक्षा कशाबद्दल, जन्माबद्दल की करणीबद्दल?

"उत्तर उताऱ्यातच शोधायचं," त्या म्हणाल्या. "बाहेरचं लिहिलं की मार्क कट. मग तो विद्यार्थी किती का हुशार असेना."

मी पेन्सिलीनं रेघा मारत गेलो. भावाच्या शहरात परके लुटारू घुसले, त्या दिवशी अदोम काय करत होता? पहिला अपराध, बाजूला उभा राहिला. मग बघत राहिला. मग खूश झाला. मग स्वतः वेशीतून आत गेला, सामानाला हात घातला. शेवटी फाट्यावर थांबून पळून जाणाऱ्यांना पकडून दिलं. लेथवर काम करणाऱ्याला हे लगेच कळतं. पहिला कट केसाएवढा चुकतो, पुढे सगळा जॉबच, मशीनवर धरलेला तुकडाच, तिरका जातो.

"रक्ताबिक्ताचं कुठे आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. सगळं करणीचंच आहे."

"मग? अब बोल, असा बाजूला उभा राहिलेला माणूस तू पाहिलायस कधी?"

मी मटार सोलायला घेतले.

पाहिला होता ना. दोन वर्षांपूर्वी भर दुपारी आमच्या शेजारच्या शेडला आग लागली. आम्ही सगळे रस्त्यावर उभे, निम्मे मोबाइल वर धरून. दुसऱ्या दिवशी त्या शेडचा मालक दवाखान्यात, आणि आम्ही आत 'बघायला' गेलो. निघताना प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. माझ्या हातात व्ही-ब्लॉक होता. गोल सळई मापताना हलू नये म्हणून ज्या खाचेत ठेवतात, तो लोखंडी ठोकळा. लोखंड जळत नाही. तेव्हापासून तो माझ्या टूलबॉक्समध्ये होता आणि मी रोज वापरत होतो.

रविवारी सकाळी तीनदा हात धुतले. कॅमेरा चालू केला, कॅलेंडरचं पान समोर ठेवलं आणि पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. दुसऱ्यावर आलो तेव्हा दादानं थांबवलं.

"एक मिनिट. मी पाठवलेलं कुठंय?"

"आहे माझ्याजवळ. ते वाचणार नाही, दादा."

"का?"

"ते उताऱ्यात नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. दादा म्हणाला, "उतारा? ही काय सातवीची परीक्षा आहे?"

"माझी तेवढीच झालीय."

आता बरेच जण हसले. दादा नाही हसला. "आपले जुने विद्वानसुद्धा अदोम म्हणजे नंतरचं मोठं साम्राज्य, असंच सांगत आले. ते काय अडाणी होते?"

"अडाणी कशाला असतील? त्या साम्राज्याचा पाय त्यांच्या मानेवर होता. खरं नाव घेतलं तर जीव जायचा, म्हणून अदोम म्हणायचे. तुझ्या मानेवर कुणाचा पाय आहे, दादा?"

मी बोट पुन्हा दुसऱ्या प्रश्नावर ठेवलं.

"शनिवारी मशीन चालवणारा आम्हाला संदेष्टे शिकवणार," दादा म्हणाला. "हिब्रूचं एक अक्षर तरी वाचता येतं का रे तुला?"

आईच्या मांडीवर बसून पाठ केलेल्या प्रार्थना येतात, पण अक्षर वाचता येत नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

"नाही येत. मराठीत वाचलं. मराठीतही तेच लिहिलंय, की जसं केलंस तसं तुझ्यावर येईल. जो बाजूला उभा राहिला, मग आत शिरला, तो अदोम. तो कुठल्या देशात जन्मला हे उताऱ्यानं विचारलेलं नाही."

"मग सांग ना, कोण आहे अदोम? दाखव!"

वर्कशॉपातून घरी आणलेला टूलबॉक्स पायाशीच होता. मी व्ही-ब्लॉक काढून कॅमेऱ्यासमोर धरला आणि तो कुठून आणला ते सांगितलं. दादा म्हणाला, "वेळ झाली." फोन बंद.

पाच मिनिटांत गावाहून आत्याचा फोन. "परत दिलास का तो ठोकळा?"

"उद्या देतो, आत्या."

"उद्या कशाला? आज तुला काय काम आहे?"

जळालेल्या शेडच्या मालकानं आता इंदूरजवळ राऊला छोटं दुकान टाकलंय. दुपारी बस पकडून गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी ठोकळा उलटासुलटा करून पाहिला, खाचेतून अंगठा फिरवला.

"रोज काम में लिया?"

"हो. रोज."

"चलो, जंग तो नहीं लगी," म्हणाले आणि आत निघून गेले. माफ केलं की नाही ते कळलं नाही. विचारायचा हक्क मला नव्हता.

संध्याकाळी नवी यादी आली. तिच्यात माझं नाव नव्हतं. मी ती बाईंना दाखवली.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "पेपर बरोबर सोडवला आणि नापास केलं." मग पिठाची परात पुढ्यात ओढत, "सुन, हिब्रूत ते पान ऐकायला कसं वाटतं रे?"

ते मला वाचताच येत नव्हतं. त्यांनी विषय बदलला, पोळ्यांना लागल्या.

त्या आठवड्यात मी हिब्रू बाराखडीचं पुस्तक मागवलं. अक्षरं उलट्या बाजूनं चालतात, हाताची सवय मोडावी लागते, वर्कशॉपातली पोरं 'पंडतजी' म्हणून चिडवतात. चिडवू देत. यादीत मला घ्यायचं की नाही ते दादानं ठरवावं. पण बाई, तुमच्यासाठी मी एक ठरवलंय. कधीतरी, दोन वर्षं लागोत की पाच, तुमच्या ओट्यावर बसून ते अख्खं पान उजवीकडून डावीकडे बोट फिरवत तुम्हाला हिब्रूतून वाचून दाखवीन. मग तुम्ही खाली हवे तेवढे प्रश्न विचारा.