किनाऱ्यावरचा खांब

सिंगापुरात राहून माझ्या नवऱ्याची एक हौस कायम राहून गेली, ती म्हणजे गाडी चालवणं. लायसन्स खिशात आणि जन्म तिथल्या मेट्रोत, एमआरटीत. त्यामुळे सुट्टीत ओमानला गेलो तेव्हा मोठी जीप त्यानेच भाड्याने घेतली, आणि डांबरी रस्ता सोडून एका निर्मनुष्य किनाऱ्यावर घातलीही त्यानेच. एका अंगाला वाळवंट, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे आम्ही तिघं: तो, मी आणि आमची दहा वर्षांची मुलगी. ना टपरी, ना झाड, ना फोनला रेंज. "अगं, आपलाच अरबी समुद्र आहे," असं तो म्हणतोय तोवर चाकं वाळूत रुतली.

"पुढे घे", "मागे घे" करता करता आमचं जुंपलं. भांडण गाडीवरून सुरू झालं आणि त्याच्या आईपर्यंत पोचलं, तसं ते नेहमीच पोचतं. गाडीचं म्हणाल तर टायरमधली हवा कमी केल्यावर ती निमूट बाहेर आली. पण ते नंतर. आधी मी मुलीला पाणी द्यायला वळले, तर ती जागेवर नव्हती.

जीपमध्ये नाही, जीपमागे नाही. "मदत आणायला गेली असेल," नवरा म्हणाला. म्हणाला खरा, पण चेहरा पांढराफटक. आमची मुलगी सिंगापुरात सेम्बावांगहून सेरंगूनला बसने क्लासला एकटी जाते. अडचण आली तर रडत बसायचं नाही, माणूस गाठायचा, हे आम्हीच तिला शिकवलंय. इतर आयांना मी ते मोठ्या तोऱ्यात सांगायचे. इथे गाठायला माणूस कुठून आणणार होती ती?

तिची पावलं ओल्या वाळूतून गेली होती आणि भरती चढत होती. नवऱ्याला मी वाळूच्या टेकडीवर पिटाळलं आणि स्वतः पाण्याच्या कडेने धावत सुटले. लाट यायची आणि पुढची दोन-चार पावलं पुसून जायची. मग एकही उरलं नाही. ती पाण्यात उतरली की वाळवंटाकडे वळली, काही कळायला मार्ग नव्हता. मी घसा फोडून हाका मारल्या. वाऱ्यापुढे त्या माझ्याच कानांपर्यंत धड येत नव्हत्या. आमच्या बौद्ध घरात नवस बोलत नाहीत. त्या दिवशी तो अगदी ओठांवर आला होता.

एका उंचवट्यापलीकडे लाकडी खांब दिसला. कोळ्यांनी कधीतरी जाळी वाळवायला रोवला असावा. त्याच्या शेजारी ती उभी होती. टोपी नीट, सॅक पाठीवर, बस स्टॉपवर उभी राहते तशी ताठ.

"मम्मी, मी इथे वेट करतेय," ती खांबाकडे बोट दाखवत तिच्या सिंगापुरी इंग्रजी-मराठीत म्हणाली. "बट नो बस नंबर लाह. किती मिनिटांत कोण येणार?"

मला तिला धपाटा घालायचा होता आणि घट्ट पोटाशीही धरायचं होतं. दोन्हींपैकी एकही केलं नाही.

"कोणी येणार नाही इथे!" मी ओरडले. "दिवसभर उभी राहिलीस तरी कोणी येणार नाही. मी दुसरीकडे वळले असते तर तू इथेच..."

पुढचं बोलले नाही, पण तिला कळलं. तिने खांबाकडे पाहिलं, मग चारी दिशांना पाहिलं, आणि तिचे ओठ थरथरायला लागले. इतका वेळ सगळी भीती एकट्या माझ्याकडे होती. तिच्यापाशी भीतीचा कणही नव्हता. तिला ती मीच नेऊन दिली.

घरी परतलो त्याला आता बरेच दिवस झाले. परवा तिला खालच्या दुकानातून दही आणायला सांगितलं. लिफ्टने चार मजले उतरायचे, की समोर दुकान. ती दारात घुटमळली.

"मम्मी, यू ऑल्सो कम, कॅन?"

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.