तळटिपेतलं बेळगाव
स्पिरिटचा वास आला की बेळगावच्या खडेबाजारातला दवाखाना आठवतो. मी तिथे कंपाउंडर होतो. शहापूरच्या एका विणकराची बायको रक्ताच्या कर्करोगानं गेली. आमच्या डॉक्टरांनी तिच्या रक्तात काय दिसलं ते लिहून विलायतेच्या वैद्यकीय मासिकात छापून आणलं. "बेळगावच्या डॉक्टरचं तिकडं कोण वाचतंय?" म्हणून गावातले बडे डॉक्टर हसले. दोन वर्षांनी त्याच मासिकात एका गोऱ्या संशोधकानं आपल्या लेखाखालच्या टिपेत आमच्या डॉक्टरांच्या लेखाचा दाखला दिला, नावागावासकट. डॉक्टर मला घेऊन थेट विणकराकडे गेले आणि मागापाशी उभं राहून त्यांनी ती ओळ वाचली, अर्थही सांगितला. "म्हंजे तिच्यामुळं लई लांबची मानसं शिकली म्हणा की," तो म्हणाला. "व्हय आप्पा," डॉक्टर म्हणाले. त्यानं माग थांबवून आम्हाला गूळ दिला. मला इंग्रजी बेताचंच येतं, पण ती ओळ आजही तोंडपाठ आहे.