चंदनी साबणाला जोड

बँकेने बनारसला बदली केली तेव्हा बायको-मुलं नाशकातच राहिली. दशाश्वमेध घाटाजवळच्या खोलीत मी एकटा, आणि एकट्या माणसाला कसलेही नाद लागतात. मला माझ्या दाढीच्या चंदनी साबणाशी वास जुळणारं आफ्टरशेव्ह हवं होतं. खिशात साबणाची वडी घेऊन मी तीन रविवार दुकानं पालथी घातली.

शेवटी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्याने मला थांबवलं. आफ्टरशेव्ह त्याच्याकडे नव्हतं, पण वास जुळवून देतो म्हणाला. त्याच्या तोंडात पान होतं, त्यामुळे बोलायच्या आधी तो हनुवटी वर करायचा. त्याने वडी प्रसादासारखी दोन्ही हातांत घेतली आणि डोळे मिटून हुंगली. मग माझ्या हातावर एकेक अत्तर लावत गेला आणि स्वतःच नापसंत करत गेला. मीही मोठ्या जाणकारासारखा नाक मुरडत होतो.

अर्ध्या तासाने त्याने हनुवटी वर केली. "बाबूजी, सूंघेगा कौन?"

मी ओशाळलो. "घरवाली तो नाशिक में है."

त्याने वडी कागदात बांधून परत दिली. "तो पहले उनको बुलाइए."

त्याच संध्याकाळी मी एसटीडी बूथवरून बायकोला विचारलं, "इकडे कधी येतेस?"

ती म्हणाली, "सुट्टी लागली की मुलांना घेऊन येते. पण तो चंदनी साबण आधी टाकून द्या. लग्नापासून डोकं दुखतंय माझं त्याने."