आमच्या मजल्यावरची किंकाळी

कप जरा खाली ठेवा आधी. ऐकताना ठसका लागला तर म्हणाल, सुनंदाने मारलं असतं! इतकी शोभा आयुष्यात कधी झाली नव्हती हो माझी. आणि करून घेतली कोणी? मीच!

आमचा सौरभ नोकरीसाठी हैदराबादला गेला, त्यानंतरची गोष्ट. हे जाऊन दोन वर्षं झालेली, आता मुलगाही गेला. काशीमीऱ्याच्या नाक्यापासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावरचं घर, आणि त्यात मी एकटी. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, कुलूप काढायचं आणि आत बघून स्वतःलाच सांगायचं, "आले हो!" कुकरची शिट्टी झाली तरी बरं वाटायचं, निदान कोणीतरी बोललं! लिफ्टमध्ये माणसं भेटतात, नाही असं नाही. पण ती मोबाइलमध्ये असतात.

तर एका सकाळी लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या हंसाबेननी माझा हातच धरला.

"सुनंदाबेन, रात को सुना आपने? कोई औरत इतना चिल्लाई, मेरे तो हाथ-पैर ठंडे हो गये!"

"मैंने तो कुछ नहीं सुना," मी म्हटलं, "मैं एक बार सोयी कि सीधा सुबह!" अभिमानाने म्हटलं, बरं का!

मग काय! सगळ्या बिल्डिंगला विषय मिळाला. सेक्रेटरी तिवारीजी म्हणाले, हायवे पर ट्रक का ब्रेक होगा. मुर्ध्याहून मासे घेऊन येणारी कमळ टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "बाय, हितं पयली खाडी व्हती. रातची हाका मारनारी कोन तरी हाय." हंसाबेननी लगेच दाराला लिंबू-मिरची टांगली.

खरं सांगू का? मला मजा यायला लागली. लोक माझ्या दारात थांबून बोलत होते हो! "कल फिर सुना!" म्हणत हंसाबेन यायच्या, मागून तिवारीजी. मी चहाचं मोठं पातेलं वरच्या फळीवरून काढलं. पुन्हा आवाज आला नाही असं कळलं की मी चक्क हिरमुसायचे!

आणि मग मला शोध लागला.

शेजारच्या घरात पूजा आणि निखिल हे नवीन भाडेकरू. महाडकडची, गुणी पोरं. पण पूजाच्या डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं! निखिल जांभया देत लिफ्टची वाट बघणार. मी विचारलं, "झोप झाली का रे?" की दोघं एकमेकांकडे बघणार आणि गप्प. आता याचा अर्थ काय होतो? तुम्हीच सांगा! नवरा मारतोय, दुसरं काय!

रविवारी निखिल चिकन आणायला खाली उतरलेला दिसला. मी तडक जाऊन पूजाला गाठलं.

"पूजा, बाळा, मला आईसारखी समज. काही त्रास होतोय का?"

पोरीचा चेहराच उतरला. "होतोय काकू. पण तुम्हाला कसं सांगू?"

"बिनधास्त सांग. रोज होतं?"

"रोज नाही. आठवड्यातून दोनतीनदा."

"रात्रीच ना?"

"रात्रीच. पण काकू, दोष कोणाचाच नाही. माणसाच्या मनात काहीतरी साठत असेल, ते बाहेर पडतं."

बघा! अजून त्याचीच बाजू घेतेय! माझं डोकं फिरलं. मी जिन्यातून हंसाबेनना हाक मारली, तिवारीजींना फोन लावला, आणि निखिल चिकनची पिशवी घेऊन लिफ्टमधून बाहेर पडला तर दारात आम्ही तिघं!

"तिवारीजी, पूछो इसको!" मी ओरडले. "इसके घर में रात को औरत क्यों चिल्लाती है?"

निखिल एकदा पिशवीकडे बघतोय, एकदा माझ्याकडे. "माझ्या घरात?"

"मग काय माझ्या?"

"काकू..." तो अगदी हळू म्हणाला, "हो. तुमच्याच. ओरडता तुम्ही."

"मी? अरे, मी कशाला ओरडेन? मी झोपलेली असते!"

पूजाने मोबाइल काढला. तिची बहीण नर्स आहे, तिला ऐकवून काय करायचं ते विचारावं म्हणून तिने आवाज टेप केला होता. मला सांगायचा दोघांनाही धीर होत नव्हता म्हणे. तिने बटण दाबलं.

आधी एक किंकाळी. माझ्याच अंगावर काटा आला हो! आणि मग स्वच्छ मराठीत, "अहो! अहो, उठा ना! दारात कोण उभं आहे बघा! अहो!" मग बराच वेळ नुसतीच पंख्याची घरघर.

"आ तो सुनंदाबेन छे!" हंसाबेन किंचाळल्या.

तिवारीजी खाली मान घालून चपला बघायला लागले. आणि मी काय म्हणावं? "आवाज थोडा माझ्यासारखा वाटतोय खरा."

कुठे तोंड लपवू असं झालं! पण पूजाने आत नेलं, पाणी दिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टर म्हणाले, "झोपेतच माणूस घाबरून ओरडतो, सकाळी त्याला काही आठवत नाही. लहान मुलांना जास्त होतं, पण काही मोठ्यांनाही होतं. आधी कधी घरच्यांनी सांगितलं नाही?"

"छे हो! माझी झोप पहिल्यापासून गाढ. हे आत्ताच सुरू झालंय."

संध्याकाळी सौरभला फोन केला. म्हटलं, त्यालाही हसू दे. तो हसला नाही.

"आई, तू नेहमीच ओरडायचीस."

"नेहमीच म्हणजे?"

"मला कळायला लागल्यापासून. बाबा उठून बसायचे. तुझ्या कपाळावर हात ठेवून 'कोणी नाही गं, झोप' म्हणायचे, की तू गप्प. ते गेल्यावर मी उठायचो."

"अरे मग मला सांगायला काय झालं होतं?"

"बाबांनी बजावलं होतं. म्हणाले, तिला कळलं तर ती झोपायलाच घाबरेल."

फोन ठेवला आणि पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिले. दुसऱ्या उशीचा अभ्रा मी अजून दर आठवड्याला बदलते. तो काढला, पुन्हा घातला.

आता बरं चाललंय. डॉक्टरांनी वेळेवर झोपायला सांगितलंय, संध्याकाळचा चहा बंद केलाय. तरी कधी ओरडलेच तर पूजा पलीकडून भिंतीवर थाप मारते, "काकू, कोणी नाही, झोपा!" मला ते ऐकू येत नाही. सकाळी तीच सांगते.

पण एक सांगायचं राहिलंच. आमचे हे रात्री उठून बसायचे, ते मला माहीत होतं! अर्धवट जाग आली की दिसायचे बसलेले. मी त्यांना जायफळ घालून दूध पाजलं. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरकडेसुद्धा नेलं. आणि सकाळी चहा पुढ्यात आदळत ऐकवायचे, "रात्रीबेरात्री काय उठून बसता हो? तुमच्यामुळे माझी झोपमोड होते!"

आणि तो माणूस चहात बिस्कीट बुडवत म्हणायचा, "चुकलं बाई. आजपासून नाही बसणार."