दोकजाची होडी मोडीत निघत नाही

दोकजाला "तुला जमणार नाही" असं म्हणायचं नसतं. आमच्या बेटावर हे मांजरांनाही ठाऊक आहे. तिचा मुलगा सांगग्यु मात्र बुसानला राहतो, त्यामुळे विसरतो.

लग्न होऊन आली तेव्हा ही डोंगरातली पोर, पाण्यात पाय घालायला भ्यायची. नवरा जाळ्यात पटाईत आणि इंजिनात ढ. भर समुद्रात होडी अडली की तो इंजिनाला शिव्या घालत बसायचा. एकदा हिने त्याला बाजूला ढकललं आणि पाना हातात घेतला, तो आजतागायत ठेवलेला नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. ऑक्टोपस धरायची मडकी ती एकटी टाकते, एकटी ओढते. सत्तरी उलटली तर उलटली.

यंदा वसंतात होडी दगा द्यायला लागली. थोडा वेळ झकास चालायची, मग धापा टाकायची आणि बंद. जरा थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही! बंदरावरच्या मेकॅनिकने फिल्टर बदलला, पंप खोलून पाहिला आणि हात झटकले. "आजी, इंजिनाचं वय झालंय." दोकजाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

सांगग्युला तेवढं निमित्त पुरलं. जुन्या होड्या मोडीत घेतात, तिथे तो बोलूनही आला. शेवटी मायलेकांची पैज लागली. काळ्या खडकाला वळसा घालून होडी न थांबता परत आली, तर तो हा विषय काढणार नाही. थांबली, तर होडी मोडीत आणि आई बुसानला, चौदाव्या मजल्यावर. साक्षीला मला बसवलं. शेजारीण मी, आणि माझ्या तोंडाला दोघंही वचकून.

खडक समोर जवळ दिसायला लागला आणि इंजिनाने मान टाकली.

"झालं," सांगग्यु म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता, खोटं कशाला बोलू. भीतीच होती. "आई, आता तरी ऐक."

"बुडालास का? मग गप बस."

"मावशी, तुम्ही तरी सांगा हिला!"

"मी सांगितलं तर ती मला पाण्यात टाकेल," मी म्हटलं. "तुझी आई आहे, तूच सांग."

पाण्याची ओढ आम्हाला हळूहळू खडकाकडे नेत होती. दोकजाने इंजिनावरची फळी उचलली आणि आत उतरली. फिल्टरची वाटी उजेडात धरली. डिझेल स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. नळ्या चाचपल्या, कुठे ओल नाही. मग ती नुसतीच बसून राहिली, इंजिनाकडे बघत.

"थांबलं की बरं वाटतं याला," ती पुटपुटली. "म्हातारं असतं तर बरं कशाला वाटलं असतं?"

तिने टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून टाकीने हवा ओढली, इतकी जोरात की मलाही ऐकू आलं.

"श्वास कोंडलाय गं ताई हिचा!"

टाकीतलं डिझेल कमी होतं तसतशी आत हवा यावी लागते. त्यासाठी एक वाकडी नळी केबिनच्या मागे वर आलेली असते. आम्ही तिघांनी तिकडे पाहिलं. नळीच्या तोंडावर आमचा राखणदार लटकत होता, नववर्षाच्या पूजेचा वाळका मासा, पांढऱ्या दोऱ्याची लड गुंडाळलेला. पूजेत ओतलेली तांदळाची दारू दोऱ्यात मुरून वाळली होती, वरून खारं पाणी. खळ दिलेल्या कापडासारखा कडक होऊन त्या दोऱ्याने नळीचं तोंडच बुजवलं होतं. मेकॅनिकने त्याच नळीसमोर वाकून नमस्कार केलेला मी पाहिला होता. पूजेच्या माशाला हात कोण लावणार?

सांगग्युचा चेहरा उतरला. "मीच बांधला होता. केबिनमधला खिळा गंजून तुटला होता, म्हणून इथे. तू एकटी असतेस, म्हणून दोन लडी जास्त गुंडाळल्या."

दोकजाने मासळीची सुरी काढली.

"आई, नको! वर्ष संपायच्या आत सोडत नाहीत. अपशकुन होतो."

"अपशकुन तो समोर बघ, काळा काळा. दोनशे हातांवर आलाय."

"निदान मंत्र तरी..."

"तुझी माया आहे रे, मला कळत नाही का?" ती दोरा कापता कापता म्हणाली. "पण एवढं आवळून बांधशील तर टाकीसुद्धा मरते. मी तर माणूस आहे."

सुटलेला मासा खाली पडायच्या आत सांगग्युने ओंजळीत झेलला.

तिने हातपंप मारला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, काळा धूर सोडला आणि धडधडायला लागलं. खडकावरचे शिंपले मोजता येतील इतक्या जवळून आम्ही वळसा घेतला आणि पुन्हा न थांबता धक्क्याला लागलो. मासा वाटभर सांगग्युच्या मांडीवर होता, दोन्ही हातांनी धरलेला.

धक्क्यावर उतरून त्याने दोर खुंट्याला गुंडाळला. "होडी थांबली होती, आई," तो हळूच म्हणाला. "पैज तू हरलीस."

"हरले. मग?"

"मग ठरलं होतं ना..."

"ठरलं होतं. आता मोडलं. बुसानला जाऊन सांग, माझी आई शब्दाला जागत नाही." ती इंजिनाजवळून हललीही नाही. "मडकी उचलायची राहिलीत. ताई, येतेस?"

मी कुठे उतरले होते?

"तो मासा तुझ्याकडेच ठेव," ती लेकाला म्हणाली. "भीती तुला वाटते, राखणही तुलाच लागते. दोर सोड."

तो एका काखेत मासा धरून, खुंट्यावर हात ठेवून उभा राहिला. इंजिन धडधडत होतं. ती वाट बघत होती, ओरडली नाही. मग तो खाली वाकला, आणि त्याने एक एक वेढा काढत दोर सोडला.