तीनवाली रेस

लग्नाला सहा-सात महिने झाले असतील, तेव्हाची गोष्ट. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी इच्छापोरच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे फिटरचा हेल्पर होतो, आणि आम्ही राहायचो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, नवागामला. कामगारांना न्यायला बस यायची. ती चुकली की मी सायकल काढायचो आणि अख्खं सुरत ओलांडून गेटवर हजर व्हायचो. त्यामुळे कारखान्यात माझं थोडं नाव झालं होतं.

त्या वर्षी कंपनीच्या वार्षिक दिवसासाठी साहेबांच्या डोक्यात नवीन खूळ शिरलं. आधी कॉलनीच्या स्विमिंग पूलमध्ये पोहायचं, तसंच ओल्या अंगाने हजिरा रोडवर सायकल मारायची, आणि सायकल टाकली की पळायचं. नोटीस बोर्डावर या शर्यतीचं लांबलचक इंग्रजी नाव होतं. आम्ही सगळे तिला तीनवाली रेस म्हणायचो. आमचा सुपरवायझर सुरतीच. तो येऊन म्हणाला, "तारुं नाम लखावी दीधुं छे. सायकल तो तुं ज जीतवानो." माझं नाव त्याने देऊनच टाकलं होतं, आणि मीही खूश होऊन मान हलवली. मला पोहता येत नाही हे सांगावं असं सुचेपर्यंत तो पुढच्या मशीनकडे गेला होता.

संध्याकाळी जेवताना मी ही गंमत म्हणून सांगितली. आमच्या एका खोलीत माय, वडील, थोरला भाऊ, वहिनी आणि आम्ही दोघं. वडील लूमवर कामाला होते, तिथल्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यांच्याशी मोठ्यानेच बोलावं लागे, त्यामुळे आमच्या घरात कुठलीच गोष्ट एकट्या-दुकट्याची राहत नसे. भाऊ हसायला लागला. "अरे, बादलीत डोकं बुडवताना तू रडायचास!" माय घाबरली. "पाणीमा नको जाऊ, भो," ती म्हणाली. वडिलांनी उद्याच नाव काढून घ्यायला सांगितलं. बायको चुलीपाशी भाकरी थापत होती.

सकाळी डबा हातात देताना ती हळूच म्हणाली, "अहो, मला येतं पोहता."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तिचं माहेर शहाद्याकडे, तापीकाठी. तिचे वडील उन्हाळ्यात नदीच्या पात्रात टरबुजाच्या वाड्या करायचे. वाडी पलीकडच्या अंगाला असली की ही लहानपणी डोक्यावर भाकरीचं गाठोडं बांधून पोहत जायची. हे मला लग्नानंतर इतक्या महिन्यांनी कळत होतं. कळणार तरी कसं? खोलीत मधे साडीचा पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. आम्ही एकमेकांशी बोलायचो ते मीठ कमी आहे का, पाणी आलं का, एवढंच.

"मी शिकवते," ती म्हणाली. "पण नदीवर जावं लागेल."

मायला विचारायचं काम माझं. मी विचारलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे, मग सुनेकडे बघितलं. "तुले पवता येस, हाई कधी सांगं नही?" तिने विचारलं. बायको म्हणाली, "कोणी विचारलंच नाही, आत्या." माय एवढंच म्हणाली, "सांभाळीसन जा."

हातात मोजकेच रविवार होते. एरवी दिवसभर कारखाना, आणि बसने घरी येईपर्यंत अंगात काही उरत नसे. रविवारी सकाळी बायकोला कॅरिअरवर बसवायचं आणि वराछाच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथे, तापीवर जायचं. डबल सीट हाच माझा सायकलचा सराव. पुलाचा चढ आला की ती म्हणायची, "उतरू का?" आणि मी दम लागलेला असताना म्हणायचो, "बस गं, सराव आहे." पाठीमागून ती बोलायची, रस्ताभर. तिला लहानपणी कुत्रा चावला होता, तिला सातवीनंतर शाळा सोडायची नव्हती, तिला माझी मिशी आवडत नव्हती. मी पुढच्याच आठवड्यात मिशी काढली. भावाने त्यावरूनही खूप चिडवलं.

नदीत ती साडीचा काचा मारून कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची आणि माझ्या हनुवटीखाली हात धरायची. पहिल्या दिवशी मी तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. "मला कशाला धरता? पाणी धरतं," ती म्हणाली. मी तोंड पाण्यात घालून बुडबुडे सोडायला शिकलो, मग पाय मारायला. मी घाबरलो की ती एकच सांगायची, "श्वास सोडा. कोंडून ठेवलाय तुम्ही." घरात सासऱ्यांसमोर पदर नीट करत वावरणारी ही बाई इथे माझ्यावर ओरडायची, हसायची, माझ्या तोंडावर पाणी उडवायची. मला ती पाण्यात वेगळीच वाटायची. खरं तर ती तशीच होती, मला खोलीत दिसत नव्हती इतकंच.

पुढे एका रविवारी ओव्हरटाईम लागला आणि जाणं हुकलं. पळायचा सराव तर राहूनच गेला. शेवटच्या रविवारी मी तिचा हात सोडून थोडं अंतर गेलो. कुत्र्यासारखं हातपाय मारत, पण गेलो. ती म्हणाली, "बुडणार नाही तुम्ही. पहिले येणार नाही, पण बुडणार नाही."

रेसच्या दिवशी कंपनीने घरच्यांसाठीही बस ठेवली होती. वडिलांची लूमवर पाळी होती. माय आणि बायको आल्या. मी जुन्या पँटची कापून शिवलेली चड्डी घातली होती. कायम नोकरीवाल्यांचे डोळ्यांवरचे चष्मे, डोक्यावरच्या रबरी टोप्या बघून मला कसंतरी व्हायला लागलं.

आणि स्विमिंग पूल तर नदीसारखा नव्हताच. तापीचं पाणी गढूळ, त्यात खाली काय आहे ते दिसतच नाही. इथे निळ्या फरशीवरची रेघन्‌रेघ दिसत होती, आणि ती फरशी पुढे पुढे खोल गेलेली दिसत होती. शिट्टी वाजली. सगळे सुटले. मीही सुटलो, आणि पाण्यातून तो तळ खाली खाली जाताना बघून मी मधेच थांबलो. मी काठाचा पाइप पकडला. तो सुटेना. बाजूला उभा असलेला एक पंच हिंदीत म्हणाला, "नहीं होता तो निकल आ, भाई."

तेवढ्यात जाळीपलीकडून हाक आली, "अहो!"

बायका-माणसांच्या त्या गर्दीत चार-पाच नवऱ्यांनी तरी वळून बघितलं असेल. पण आवाज माझ्या ओळखीचा होता. नदीवरचा. "अहो, श्वास सोडा! खाली बघू नका, श्वास सोडा!" सासूच्या शेजारी उभी राहून, सगळ्या कॉलनीसमोर, माझी बायको ओरडत होती. तिच्या डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. आणि मग दुसरा आवाज आला, मायचा. "सोड रे भो, सोड!" मायला श्वास सोडायचा की पाइप सोडायचा हे माहीत नसावं. मी दोन्ही सोडलं. डोळे मिटून, मधूनमधून पाइपला हात लावत, सगळ्यांच्या शेवटी मी त्या स्विमिंग पूलमधून बाहेर आलो.

सायकलीवर बसल्यावर जिवात जीव आला. हजिऱ्याकडून खाडीचं वारं तोंडावर येत होतं, तरी सायकल इतकी हलकी वाटत होती की मला मागे वळून बघावंसं वाटलं. मागे बोलणारं कोणी नव्हतं. मी पुढच्या काही जणांना गाठलं, त्यातला एक तर रस्त्याकडेला चेन बसवत होता. माझी काळी सायकल खडखडत त्याच्या शेजारून गेली तेव्हा त्याने मान वर करून बघितलं, ते मला अजून आठवतं.

पळताना मात्र सगळं संपलं. सायकलवरून उतरलो तर पाय लाकडासारखे. पोटरीत गोळा आला. मी वाकून पोटरी चोळत उभा राहिलो. पाणी वाटणारे एक म्हातारे गृहस्थ जवळ आले, पेला हातात देऊन म्हणाले, "चाल, दीकरा. पण ऊभो नहीं रहेतो." मग मी चाललो, जमेल तिथे पळालो, पुन्हा चाललो. ज्यांना गाठलं होतं ते सगळे परत पुढे गेले. मी पोचलो तेव्हा बक्षिसांची टेबलं लागत होती. माझ्या मागे कँटीनचा एक आचारी तेवढा यायचा होता. सुपरवायझर माझ्याकडे बघून नुसता हसला.

मायने माझं अंग आपल्या पदराने पुसलं, मी नको म्हणत असताना. "काय व्हयनं? पाय दुखस का?" मग ती सुनेकडे वळली. मला वाटलं, ओरडल्याबद्दल बोलणार. तिने फक्त सुनेचा पदर नीट करून दिला आणि म्हणाली, "तुना आवाज भारी शे." परतीच्या बसमध्ये माय मुद्दाम पुढे ड्रायव्हरमागे जाऊन बसली. आम्हाला दोघांना मागची सीट मिळाली. बायको उधना येईपर्यंत माझ्या खांद्यावर झोपली होती, आणि पोटरीत गोळे येत असूनही मी हललो नाही.

पुढच्या रविवारी मी उशिरापर्यंत पडून होतो. रेस झाली, आता नदीवर जायचं काही कारण नव्हतं. बायको भांडी घासत होती. माय बाजूला बसून भाजी निवडत होती. ती वर न बघताच म्हणाली, "आज नदीवर नही जातंस का?"

"रेस झाली ना माय," मी म्हणालो.

"मंग? शिकेल मोडी जाई ना. जाई या दोन्हीजण. सयपाक मी करस."

बायकोने हातातलं पातेलं तसंच खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडे बघायची मला घरच्यांसमोर लाजच वाटली, पण मी बघितलं.

त्या दिवशी नदीवर गेल्यावर मी तिला म्हटलं, आज तू पोह, मी बसतो. इतके रविवार ती कमरेइतक्या पाण्यात मला धरूनच उभी होती. तिने नको नको केलं, आणि मग काचा घट्ट करून पाण्यात शिरली. हाताचा आवाजसुद्धा होत नव्हता. ती सरळ मधल्या धारेकडे गेली, तिथे उताणी झाली आणि तशीच राहिली. मी काठावर तिच्या चपलांजवळ बसून होतो. बऱ्याच वेळाने ती मान वळवून काहीतरी म्हणाली. एवढ्या लांबून ऐकू आलं नाही. मी उठून उभा राहिलो, सदरा काढून दगडाखाली ठेवला आणि हनुवटी वर धरून तिच्या दिशेने निघालो.