बिनफोटोची सुनंदा

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला चहा घेत घेत मी लोकांचे स्टेटस बघत बसले होते. एका ओळखीच्या बाईंच्या स्टेटसला मुंडावळ्या बांधलेल्या, मान खाली घातलेल्या कुणा नवरीचा जुना फोटो होता आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. नाव नीट वाचलंही नाही. कुणाच्या तरी घरचं दुःख म्हणून बोट सरकवलं आणि पुढच्या स्टेटसमधल्या वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या. थोड्या वेळानं लातूरहून अश्विनीचा, सुनंदाच्या लेकीचा, फोन आला. "मावशी, आई गेली..." म्हणाली. डोकं दुखतंय म्हणून सुनंदा लवकर निजली होती, ती सकाळी उठलीच नाही. मघाची नवरी म्हणजे माझी सुनंदा होती आणि मी तिला ओळखलं नव्हतं.

आमची ओळख नांदेडच्या होस्टेलवरची. ती औशाची, मी नांदेड जिल्ह्यातलीच, किनवटकडच्या खेड्यातून आलेली. पुढं ती लग्न होऊन लातूरला गेली आणि एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क म्हणून लागली, मी नांदेडला मास्तरीण झाले. सगळ्यांच्या हातात फोन आले तेव्हा तिनंही फेसबुकवर खातं काढलं, नाव ठेवलं 'औशाची सुनंदा'. मी म्हटलं, अगं, आडनाव तरी लाव. तर म्हणाली, "एक बापाचं, एक नवऱ्याचं. गाव तेवढं माझं हाय." तिच्या डीपीला कधी पळस फुललेला असायचा, कधी तव्यावर टम्म फुगलेली भाकरी, कधी ऑफिसातलं शाईचं पॅड. तोंड कधीच नाही. मी मात्र दर सणाला नवी साडी नेसून, फिल्टर लावून, सुरकुत्या पुसून झळकायची. त्याखाली हिची कमेंट ठरलेली, "तुझी धाकटी बहीण लई छान दिसून राहिली गं." मला राग यायचा, पण दुसऱ्या दिवशी मीच तो फोटो काढून टाकायची.

ती तिथं चार-चार ओळी लिहायची. एक मला पाठ आहे: 'आज घरात सगळे पोटभर जेवले. मीठ कमी होतं हे सगळ्यांनी सांगितलं. भाजी चांगली होती हे ताटांनी सांगितलं.' कुठली कुठली माणसं ते वाचून हसायची, ताई अजून लिहा म्हणायची. त्यांना तिचा चेहरा ठाऊक नव्हता आणि घरच्यांना ते खातं ठाऊक नव्हतं. नवरा फोटो टाकू देत नसेल, अशी आम्हा मैत्रिणींची खात्री होती. शेवटी मी विचारलंच. "ते कशाला नको म्हणतील?" ती म्हणाली. "पण काढू का तुझा फोटो, असंबी कधी म्हणले न्हाईत." मग म्हणाली, "आन् माझं तोंड दिवसभर घरात वापरात असतंय बाई. इथं तरी त्याला सुट्टी राहू दे." तिचा नवरा वाईट माणूस नाही. व्यसन नाही, आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी तिच्याकडं फारसं बघितलंच नाही, एवढंच.

दोन वर्षांमागं आम्ही दोघीच माहूरला गेलो होतो. दर्शन करून उतरताना एका माकडानं माझ्या हातातली प्रसादाची पिशवी ओढली आणि समोरच्या कठड्यावर बसून मालकासारखं खोबरं खायला लागलं. मी त्याला मास्तरणीच्या आवाजात रागावले. सुनंदा हसता हसता पायरीवरच बसली. पदर सुटलेला, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी... मी फोटो काढला. तिनं तो हातात घेऊन बराच वेळ बघितला. म्हणाली, "तुझ्यापाशीच असू दे. कुठं टाकू नको."

म्हणून अश्विनीनं फोटो मागितला तेव्हा माझी पंचाईत झाली. "घरात आईचा एकटीचा फोटोच न्हाई, मावशी. लग्नातलाच कापून घेतला. लोक मला विचारून राहिलेत, ही तूच का म्हणून." आईचा हसरा फोटो तिला स्टेटसला ठेवायचा होता. मी आज पाठवते, उद्या पाठवते करत राहिले. सुनंदानं आयुष्यात माझ्याकडं ती एकच गोष्ट मागितली होती आणि आता तो शब्द तिच्याच लेकीपुढं पाळायचा होता. मेलेलीचं ऐकू की जितीचं? शेवटी लेकीचा हक्क मोठा, असं मनाला बजावून मी लातूरची बस धरली.

आतल्या खोलीत अश्विनीच्या हातात फोन दिला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. दात, गाल, डोळे, पुन्हा दात. काय झालं होतं, विचारलं. मी माकडाची गोष्ट सांगितली. ती हसली नाही.

"अशी हसायची आई?"

"हसायची की गं. होस्टेलवर तर रोज."

"आमच्यात न्हाई हसली कधी."

पाठवते म्हणून मी फोन घ्यायला हात पुढं केला, तर तिनं मान हलवली. "नका पाठवू, मावशी. बाबांनी बघितला तर ते विचारतील, ही कुठं हसली एवढी... मी काय सांगू?"

या लेखासोबत छापायला वर्तमानपत्राच्या पुरवणीनं सुनंदाचा फोटो मागितला होता, मी नाही म्हणून कळवलं. मागच्या रविवारी अश्विनी न सांगता नांदेडला आली. काही काम काढलंस का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली. चहा टाकते म्हटलं, तर नको म्हणाली. चप्पल काढून माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, फोन द्या जरा," म्हणाली. "आईला बघायचंय."